विजयमालाबाईंची तपासणी

विजयमालाबाईंनी बारामतीत माणूस ठेवलाय, अशी आवई शहाण्णव साली आमच्या आळीत उठली. दर रविवारी पहिल्या एस.टी.नं जायचं आणि दिवेलागणीला परतायचं, तेही इस्त्रीचं पातळ नेसून. विधवा बाई, चाळिशी उलटलेली. बातमी माझ्या ओट्यावर पोचेपर्यंत त्या माणसाला मिशा फुटल्या होत्या आणि बुडाखाली मोटरसायकलही आली होती.

मला हसू आवरेना. बाईंच्या आणि माझ्या घरात भिंत एकच, तीही वीतभर. त्या बाप्याचा आवाज मी रोज ऐकत होते. तो टेपरेकॉर्डरमधून बोलायचा. मुक्त विद्यापीठाचा पदवीनंतरचा पदविका अभ्यासक्रम होता तो. पुस्तकं आणि कॅसेटी टपालानं यायच्या, रविवारी बारामतीला तास. शाळा चालवणाऱ्यांसाठीचं शिक्षण : आंधळं, बहिरं, पांगळं पोर बाकीच्यांच्याच वर्गात कसं बसवायचं आणि त्यासाठी सगळी शाळा कशी वळवायची.

मी एकदा विचारलंच, "बाई, हा पलीकडचा पाव्हणा दमत कसा न्हाय वो?"

"दमतो की, वहिनी. बटण दाबलं की गप बसतो. तुम्हाला कुठंय बटण?"

अशी बाई. आमच्या वडगाव निंबाळकरपासून सायकलीच्या अंतरावर एका वाडीवर त्यांची दोन मास्तरांची शाळा. वाडीचं नाव सांगत नाही, माणसं अजून हयात आहेत. मुख्याध्यापकपदाचा तात्पुरता चार्ज बाईंकडं होता, आणि तो आपल्याकडं का नाही या विचारानं दुसऱ्या मास्तरांना, सोपान गुरुजींना, जेवण गोड लागत नव्हतं.

त्या वाडीवर जोतीरामचं घर. आज्याच्या काळात मेंढरं घेऊन रानोमाळ फिरलेली माणसं, आता दोन एकरात ऊस. त्याची पोरगी स्वरूपा तापात बहिरी झाली. जोतीरामचं म्हणणं सरळ होतं, "ऐकूच येत न्हाय तर शाळेत काय भिंती बघाय जायचं?" बाई त्याच्या दारात इतक्यांदा जाऊन बसल्या की शेवटी त्याची बायको साखरबाईच पोरीला हाताला धरून शाळेत घेऊन आली.

बाईंनी पोरीला पहिल्या ओळीत बसवलं. बोलताना फळ्याकडं तोंड करायचं नाही, असा नियम स्वतःला घातला आणि पोरांनाही. गुरुजी म्हणायचे, "हिच्यापायी आता आमी नाटकातल्यासारखं समोर बघून बोलायचं व्हय?" पण वर्षभरात पोरगी ओठ बघून लिहायला लागली. तिला एक कानाचं मशीन हवं होतं. ते सरकारी योजनेतून मिळायचं. तपासणीच्या साहेबानं मुलगी वर्गात शिकताना बघून शेरा दिला तर. जोतीरामनंही ठरवून टाकलेलं, "मशीन आलं तर शाळा. न्हाय आलं, तर जाईल मामाकडं शेळ्या राखाय."

म्हणजे सगळं त्या तपासणीवर येऊन ठेपलं.

आता तपासणीची आमच्याकडची रीत सांगते. शाळा सारवायची, रांगोळी काढायची, साहेबासाठी नारळ आणि पोहे. आणि ज्या पोरांना येत नाही, त्यांनी त्या दिवशी घरी राहायचं. हे कुणी सांगावं लागत नाही. आईबापच ठेवून घेतात. मास्तरांची मान खाली जाऊ नये म्हणून. आपण लग्नघरी फाटकं लुगडं नेसून जात नाही, तसंच.

बाई आमच्यातच वाढलेल्या, त्यांना ही रीत ठाऊक होती. पण ज्या पोरीसाठी साहेबाला बोलावलंय, तिला कुणी घरी ठेवील, हे त्यांच्या मनातच आलं नाही. मशीनचं बोलणं झालं होतं ते जोतीरामशी, अंगणात. साखरबाई तेव्हा आत भाकरी थापत होती. तिला कुणी काही सांगितलंच नाही.

साहेब आले. पहिल्या ओळीतली जागा रिकामी.

"कुठाय तुमची ती मुलगी?"

बाई स्वतः धावत घरी गेल्या. दाराला कडी. साखरबाई पोरीला घेऊन लांबच्या रानात खुरपायला गेलेली. बाई परत आल्या तर साहेब उठले होते. बाई म्हणाल्या, "उद्या तालुक्याला ऑफिसात आणते तिला."

"पटावर खोटी नावं लावायची आणि उद्या कुणाचीतरी पोरगी आणून उभी करायची, हे मला नवीन नाही, बाई."

पोरगी खरी आहे हे सांगतील म्हणून बाईंनी गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी पुढं होऊन साहेबांची बॅग उचलली, जीपमध्ये नेऊन ठेवली.

संध्याकाळी साखरबाई दुधाचा तांब्या घेऊन बाईंकडं आली. मी ओट्यावरच होते. तोंड भरून हसत ती म्हणाली, "बाई, आज तुमाला खाली बघाय लावलं न्हाय मी. पोरीला पार रानात न्हेली."

बाईंनी तांब्या घेतला. आत जाऊन तो रिकामा केला, विसळून परत दिला. मग म्हणाल्या, "जेवली का ती?"

बस्स, एवढंच. खरं काय झालं ते साखरबाईला त्यांनी कधी सांगितलं नाही. मी सांगायला निघाले होते, तर माझ्यासारखीच्या तोंडावर बोट ठेवलं.

शेरा वाईट पडला. पटावरनं पोरीचं नाव गेलं, चार्ज गुरुजींकडं गेला. जोतीरामनं पोरीला इंदापूरकडं मामाच्या वस्तीवर धाडलं. बाई दोनदा तिकडं जाऊन आल्या. दुसऱ्या खेपेला पोरगी शेळ्यांमागून पुढं आलीच नाही. मामा म्हणाला, "आता कशाला येताय, बाई? उगं रडती दोन दिस."

पुढं टपालानं पदविका आली. मी पेढे मागितले नाहीत. मलाही कधीकधी कळतं.

दुसऱ्या वर्षीची तपासणी उद्यावर आली. बाई घरोघर फिरून सांगत सुटल्या : उद्या एकही पोर घरी ठेवायचं नाही, शेंबडं असो, मुकं असो, सगळी पाठवा, आणि हे आयांना सांगतेय, बापांना नाही. गुरुजींनी त्यांना भर रस्त्यात, माझ्या ओट्यासमोर गाठलं.

"बाई, कशाला इस्तू लावताय शाळेला? निकाल जाईल आपला!"

बाई म्हणाल्या, "निकाल पुढच्या वर्षी परत लागतो, गुरुजी. पोरगी परत येत नाही."