कुठल्या चिमटीनं

घराण्यात कुणाला कॅन्सर झाला होता का, असं तुमच्या तिकडच्या डॉक्टरांनी विचारलं आणि तुम्ही तो प्रश्न फोनवरून माझ्याकडे पाठवलात. उत्तर असं: एकीला झाला होता. माझ्या आत्तीला, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीला. पण तो रक्तातून आला नव्हता, तव्यावरून आला होता, हेही डॉक्टरांना सांगा. त्यांना ते समजणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांतली ही हकीकत. मी कॉलेजात इंटर सायन्सला होते. आत्ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतली होती आणि स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं. माझ्या आईलासुद्धा तिथे विचारून जावं लागे. गल्लीत तिचं नाव मात्र स्वयंपाकामुळे नव्हतं, मिसरीमुळे होतं. निपाणीकडची काळी तंबाखू ती तव्यावर पार कोळसा होईपर्यंत भाजायची, खलबत्त्यात कुटायची आणि फडक्यातून गाळायची. ती पूड बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना लावायची. आम्ही दात घासतो, असं बायका म्हणत. दात घासायला असा कितीसा वेळ लागतो? या बायका आमच्या मागच्या दारी सकाळी निवांत बसत, दुपारी पुन्हा बसत आणि दिवेलागणीच्या आधी आणखी एकदा.

त्याचं कारण मला जरा उशिरा कळलं. मिसरी तोंडात असताना बोलता येत नाही. सासूने हाक मारली तर सुनेने नुसतं तोंडाकडे बोट दाखवायचं. सासू गप्प बसे, कारण तिच्याही तोंडात मिसरी असे. सुनेला हक्काने टेकायला मिळे अशी दिवसात तेवढीच वेळ. मंजन, औषध आणि विसावा, सगळं एका डबीत. ते सोडा म्हणणाऱ्याने त्या जागी काय द्यायचं याचाही विचार करायला हवा. तो मी तेव्हा केलेला नव्हता.

मी कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा पाहून आले होते. आपलंही शरीर अशाच पेशींचं असतं, जुन्या मरतात आणि शेजारच्या दुभंगून त्यांची जागा भरतात, असं मी घरी आल्या आल्या सांगितलं.

"कांद्याचं मला नगं सांगू," आत्ती म्हणाली. "जल्मभर मीच चिरतो." (कोल्हापुरात बाईमाणूस 'मी चिरतो'च म्हणतं. तुम्ही सुधारायला जाऊ नका.)

"तोंडातल्या पेशी तर फार लवकर बदलतात."

"मग बरंच की. रोज नवं तोंड."

त्याच थंडीत तिच्या डाव्या गालाच्या आत एक पांढरा डाग दिसू लागला. मिसरीचं बोट नेहमी आधी तिथेच जाई. चुना लागला असेल म्हणून तिने तो खरवडून पाहिला, निघाला नाही. पुढे मधोमध लाल फोड झाली. गल्लीतल्या बायकांनी आळीपाळीने तोंडात डोकावून निदान केलं. एकीच्या मते उष्णता, सब्जा भिजवून प्यावा. दुसरीच्या मते दाढेचा किडा. मतभेद बरेच होते, उपायावर मात्र एकमत झालं: मिसरी जरा वाढवावी. त्याला आधारही होता. तंबाखूने तोंड बधिर होतं, रश्श्याचा तिखटपणा झोंबत नाही, तेव्हा फोडीला गुण येतोय असं वाटतं. आत्ती गालात चिमूट धरून दुपारची झोपू लागली. ज्या गोष्टीने फोड आली, तीच गोष्ट फोडीवर औषध म्हणून, चांगल्या मनाने आणि भरपूर लावली गेली.

मी डॉक्टरांचं नाव काढलं.

"दुखतंय व्हय मला?" आत्ती म्हणाली. "न्हाय न्हवं? मग डाक्टर काय बघणार? माझं तोंड?"

आमच्या घरी दुखणं हाच आजाराचा पुरावा होता. या रोगाची रीत अशी की तो सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

कॉलेजातल्या प्राध्यापकांना मी विचारलं. एकाच जागेला वर्षानुवर्षं त्रास होत राहिला की तिथल्या पेशी बिघडू शकतात, उशीर करू नका, एवढं त्यांनी सांगितलं. त्याहून जास्त तेव्हा फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. बाकीचं मी नोकरीतून मोकळी झाल्यावर वाचलं, ते इथेच सांगून टाकते. प्रत्येक पेशीत एक मजकूर असतो: कधी वाढायचं, कधी थांबायचं, दुरुस्त होण्यापलीकडे बिघडलो तर मरून कसं जायचं. पेशी दुभंगताना त्याची नक्कल उतरवली जाते. नकलेत चुका होतात. बऱ्याचशा जागच्या जागी दुरुस्त होतात, उरलेल्यांतल्या बहुतेकींनी काही बिघडत नाही. पण एखादी चूक नेमकी 'थांब' या शब्दावर पडते. एवढ्यानेही रोग होत नाही. त्याच पेशीच्या वंशात दुसरी चूक व्हावी लागते, मग तिसरी; त्यात वर्षं जातात. म्हणून हा रोग बहुतेकदा उतारवयात गाठतो. मिसरी दोन्हीकडून काम करते. ती पेशी मारते, तेव्हा शेजारच्यांना वारंवार नक्कल करावी लागते. आणि नक्कल चालू असताना मिसरीतली विषं मूळ मजकुरालाच चिकटतात. घाईत उतरवून घेणाऱ्या कारकुनाच्या कागदावर कुणी शाई सांडत राहावी, तसं.

यातलं काहीच आत्तीला पटवायला उपयोगी पडलं नसतं. तिला पटलं ते भाकरीने. मटणाचा तुकडा भाकरीत धरून केलेला घास तोंडात जाईना. तोंडच पुरतं उघडत नव्हतं. हा मात्र आजार आहे हे तिने लगेच मान्य केलं.

डॉक्टरांनी बॅटरी लावून आत पाहिलं, हाताने मान चाचपली. "मिसरी लावता?"

"दातापुरती."

"मिरजेला जा. याच आठवड्यात. कापून काढावं लागेल."

"आन् न्हाय कापलं तर?"

"मानेत उतरेल. मग भाकरी राहू दे, पाणीसुद्धा खाली जाणार नाही."

घरी आल्यावर आईला म्हणाली, "वैनी, चुलीकडं तुमीच बघा आता." आई आत जाऊन रडली. चूल कधीतरी हातात यावी असं तिला इतकी वर्षं वाटत होतं.

वडील, आत्ती आणि मी आगगाडीने निघालो. आम्ही दोघी बायकांच्या डब्यात, वडील पुढे. हातकणंगल्याला गाडी थांबली, तशी आत्तीने कमरेची डबी काढली. मी तिचा हात धरला.

"सोड," ती म्हणाली. "उद्या गालच काढणार हायत. आज त्याला उपाशी ठेवू?"

समोरच्या बाईने डबी पाहिली आणि सरकून बसली. "कुठं निघालासा, आक्का?"

"मिरजंला. दवाखान्यात."

"कोण हाय तितं?"

"मीच हाय. तोंडात फोड आलीया, कापणार हायत."

"आगं आई! कशानं आली म्हणायची?"

आत्तीने डबी वर धरली. "ह्यानं म्हणं. ही शिकलेली पोरगी सांगती."

बाईने माझ्याकडे पाहिलं, मग डबीकडे. "भाजलीया मातूर झ्याक," असं म्हणून तिने बोट पुढे केलं. मागून आणखी दोन बोटं आली.

"हे विष आहे," मी म्हणाले.

"माझी आज्जी जल्मभर लावत हुती, बाळ. म्हातारी होऊन मेली."

"गंजीशेजारी विडी ओढली तर दर वेळी आग लागतेच असं नाही. म्हणून ओढावी का?"

"आमचं मालक वडत्यात की," ती म्हणाली. "गंजीलाच टेकून."

डबा हसला. सगळ्यांत जास्त आत्ती हसली, जेवढं तोंड उघडत होतं तेवढं.

शस्त्रक्रियेत डावा गाल आणि हाडाचा थोडा भाग गेला. मी सायन्सची म्हणून तिथल्या डॉक्टरांनी काढलेल्या भागाची काचपट्टी मला दाखवली. निरोगी कडेला थरावर थर नीट रचलेले होते. त्याच्या शेजारी लहानमोठ्या, काळ्याकुट्ट केंद्रांच्या पेशी होत्या, थर मोडून खाली मांसात घुसलेल्या. मानेत काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. आम्ही वेळेवर आलो नव्हतो. रोगालाच उशीर झाला होता.

चेहऱ्याला पट्ट्या असताना आत्ती मला बोलावून अंगठा आणि बोट जुळवून दाखवी. मिसरी मागतेय असं समजून मी मान हलवी. ती रागाने भिंतीकडे तोंड करी. पट्ट्या निघाल्यावर, ओठ वळायला लागल्यावर ती पहिलं वाक्य बोलली, तेव्हा कळलं की ती विचारत होती.

"कुठल्या चिमटीनं झालं गं ह्ये?"

"ते सांगता येत नाही, आत्ती."

"म्हंजे लगीन झाल्यावर सासूनं पयल्यांदा दिली, त्या चिमटीनं बी झालं असंल?"

"एखादी चूक तेव्हाही झाली असेल."

"आन् हातकणंगल्याच्या?"

"तिने नाही. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं."

"मग ती एक फुकट मिळाली म्हणायची," ती म्हणाली. "बाकीच्या समद्या सासूच्या नावावर घाल."

ती पुढे पुष्कळ वर्षं जगली, वाकड्या गालाने, भाकरी दुधात कुस्करून खात. मिसरी भाजणं तिने बंद केलं. गल्लीतल्या बायकांना पहिल्यांदा ते खरं वाटलं नाही. डबी घेऊन त्या मागच्या दारी येत, तेव्हा आत्ती त्यांना उजेडाकडे तोंड करून उभं करी आणि उलटा चमचा आत घालून गाल ताणी. "आ कर. आनी मोठा." पांढरं दिसलं की आईला बरोबर देऊन थेट डॉक्टरांकडे. अशा दोघी गेल्या. एकीचा डाग मिसरी सोडल्यावर काही महिन्यांत विरला. दुसरीने आत्तीशी बोलणं टाकलं, डॉक्टरांकडे मात्र जात राहिली.

बाकीच्या बायका आमच्या घरावरून जाताना गप्पा थांबवून तोंड घट्ट मिटून घेत, आणि पुढच्या वळणावर गेल्या की पुन्हा बोलायला लागत.