बुरणुसावरचा घोडा

ओल्या लोकरीचा वास आला की मला अजून भूक लागते. हसू नका. आमच्या घरी बुरणूस तुडवायचा दिवस म्हणजे हुलग्याच्या माडग्याचा दिवस. आई सकाळीच दोन चुली पेटवायची, एकीवर रिठ्याचं पाणी आणि दुसरीवर माडगं. दोन्ही वास एकमेकांत इतके मिसळून गेलेत की आता मला ते वेगळे काढता येत नाहीत, आणि काढायचेही नाहीत.

बुरणूस हल्लीच्या पोरींना सांगावा लागतो. ते लोकरीचं अंथरूण, पण विणलेलं नाही. सूत नाही, माग नाही. पिंजलेली लोकर चटईवर थरावर थर पसरायची, वरून कढत रिठ्याचं पाणी शिंपडायचं, चटईसकट घट्ट गुंडाळी करायची आणि पायांनी मागेपुढे लोटत तुडवायची. अर्ध्या दिवसात लोकर लोकरीला अशी धरून बसते की मग कुणाच्या बापाला सुटायची नाही. पोलीस ठाण्यातली उर्दू बोलणारी माणसं त्याला नमदा म्हणत. तिथल्या फौजदाराच्या, म्हणजे अमीनसाहेबाच्या, घोडीच्या खोगिराखाली आमच्याच घरचा नमदा असे, आणि मी ते साऱ्या गावाला सांगत फिरे.

आम्ही धनगर. घाटनांदूरहून आमचं गाव पायी निम्म्या दिवसावर. आमच्या लोकांनी मेंढरं राखावीत आणि घोंगडी विणावी, अशी रीत. पण माझ्या वडिलांना, आबांना, तरुणपणी धर्मापुरीच्या एका पिंजाऱ्यानं हे काम शिकवलं आणि ते त्यातच रमले. भावकी त्यांना चिडवायला 'उस्ताद' म्हणायची. पुढे तेच नाव पडलं आणि चिडवणं गळून गेलं.

आबांची खरी करामत नक्षीत होती. काळ्या लोकरीत पांढरी नक्षी. आमच्या कळपात पांढऱ्या मेंढ्या तीनच, म्हणून ती लोकर आई मडक्यात जपून ठेवायची. नक्षी आधी चटईवर मांडायची आणि तिच्यावर काळे थर चढवायचे. म्हणजे बुरणूस उलगडून पालथा करीपर्यंत नक्षी कुणालाच दिसत नाही. आबा बहुतेक वेळा फुलं आणि चांदण्या काढत. घोडा मात्र क्वचित, खंडोबाच्या घरांसाठीच.

मी सोळा वर्षांची असेन. दसऱ्याची कातरणी झाली होती. पलीकडच्या गावच्या देशमुखांचे कारभारी आले आणि चंपाषष्ठीसाठी घोड्याचा बुरणूस सांगून गेले. जुना झिजला होता. जागा ठरलेली, देवघराच्या दाराच्या डाव्या हाताला, घोड्याचं तोंड देवाकडे. उजवीकडे नगारा, तिथे अंथरायची सोय नाही.

ते गेल्यावर आबा मला म्हणाले, "ह्या खेपी घोडा तू मांड, बाई."

मला काय झालं ते सांगता येत नाही. बायकांनी लोकर निवडायची, पिंजायची, पाणी तापवायचं. नक्षीला हात लावायचा नाही, असं कुणी म्हटलेलं नव्हतं, पण कुणी लावलेलाही नव्हता. मला वाटलं, आबांनी माझा हात ओळखला. त्या दिवसापासून मी अंगणात जरा ताठ चालायला लागले. आई म्हणाली, "ही अमीनसाहेबीण कावून झालीया?"

घोडा मांडायला मला दोन दिवस लागले. आबांना घोडा मांडताना मी लहानपणी दोनदा पाहिलं होतं, नेहमी चटईच्या पलीकडे, त्यांच्या समोर बसून. घोड्याचं तोंड माझ्या उजव्या हाताकडे असायचं, हे मला पक्कं आठवत होतं. तसंच मी मांडलं. कान, आयाळ, चार पाय, शेपूट. बोटं थुंकीनं ओली करून लोकरीचा एकेक पुंजका बसवला. मग आबांना हाक मारली.

"आबा, एकदा बघा. मग थर टाकते."

ते कमरेवर हात ठेवून वाकले. बराच वेळ वाकून राहिले. "ब्येस हाय. टाक."

आम्ही तुडवलं. आई, मी आणि आबा, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. माडगं प्यायलो, पुन्हा तुडवलं. तिसऱ्या प्रहरी दोर सोडला, गुंडाळी उलगडली, बुरणूस पालथा केला. घोडा डावीकडे बघत होता. देवघरापाशी अंथरला असता तर त्याची शेपूट देवाकडे आली असती.

मग उलगडा झाला. खालून मांडलेलं वर येताना डाव्याचं उजवं होतं. आबा मुळात त्यांच्या स्वतःच्या डाव्या हाताकडे तोंड करून मांडत. मी समोर बसलेली, म्हणून मला ते उजवीकडे दिसायचं. फुलं-चांदण्यांना तोंड नसतं, त्यामुळे हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. आणि बुरणूस काही उसवता येत नाही, फिरवून अंथरावा तर घोड्याचे पाय वर.

आई पाणी टाकायला गेली होती. मी बोलायला तोंड उघडलं, तोच आबा माझ्या शेजारी उभे राहून म्हणाले, "वा! लई झ्याक. सरळ देवाकडं बघायलाय की."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते बुरणुसाकडेच बघत होते, हसत होते.

तेव्हा मला कळलं. वर्षभर पांढरी लोकर मीच निवडत होते, कारण म्हणे माझी नजर तरुण. कुणी आलं तर आवाज ऐकेपर्यंत आबा 'या' म्हणत नसत. आणि घोडा माझ्याकडे आला तो माझा हात ओळखला म्हणून नव्हे, त्यांचे डोळे गेले म्हणून. खोटं कशाला सांगू, मला आधी राग आला. रडू नंतर आलं, तेही मेंढवाड्यात जाऊन.

दोन दिवस मी गप्प राहिले. सांगावं तर ते जन्माचे उस्ताद, एका वाक्यात आंधळे ठरणार. न सांगावं तर कारभारी बघणारच.

तिसऱ्या दिवशी कारभारी आले. अंगणात बुरणूस अंथरला, शेजारपाजारचे चारजण जमले. कारभाऱ्यांनी एकदा पाहिलं, फिरून दुसऱ्या बाजूनं पाहिलं.

"उस्ताद, हे काय केलंत? देवाकडं शेपूट? देशमुख मला दारात उभं करतील का?"

आबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, नुसतं सुकलं. मी पुढे झाले. "कारभारी, घोडा मी मांडला. उलटा मीच मांडला. आबांनी बघितलंच न्हाई, त्ये मेंढराकडं गेलते."

"मग पोरीच्या हाती देवाचं काम दिलंच कावून? पोरीबाळींचं काम हाय का हे?"

जमलेल्यांपैकी कुणीतरी हूं केलं. मी खाली बघत उभी. मनात म्हटलं, ठीक आहे, माझं जाऊ दे. जन्मभर लोकर पिंजीन.

आबा माझ्या आवाजाच्या अदमासानं जवळ आले आणि त्यांनी माझ्या दंडाला धरलं.

"कारभारी, पोरगी खोटं बोलायली," ते म्हणाले. "मी हितंच हुतो. तिनं मला बघा म्हनलं, मी ब्येस हाय म्हनलो. मला सालभर झालं, काळं अन् पांढरं येगळं दिसत न्हाई. कुनाला सांगितलं न्हाई, तिच्या आईलाबी न्हाई. चूक धरायचं काम माजं हुतं. हात तिचा चांगला हाय."

आई चुलीपाशी उभी होती, ती तिथेच खाली बसली.

कारभारी म्हणाले, "चंपाषष्ठीला बारा दिवस हायेत. दुसरा कोन करून देनार?"

"हीच करंल," आबा म्हणाले. "पांढरी लोकर मी चार वाड्यांवर फिरून मागून आनतो. पायानं चालता येतंय मला अजून."

कारभाऱ्यांनी मान हलवली, आणि आबांना ती दिसली नाही हे लक्षात येऊन तोंडानं "बरं" म्हणाले. लोक पांगले.

अंगणात आम्ही दोघंच राहिलो. आबा बुरणुसावर मांडी घालून बसले आणि तळहात फिरवू लागले. कडेपासून मधे, मधून पुन्हा कडेला. पहिल्यांदा सावकाश, मग घाईघाईनं.

"कुठं हाय गं घोडा?" त्यांनी विचारलं.

काळ्या-पांढऱ्याचा सांधा हाताला लागत नव्हता. चांगला तुडवलेला बुरणूस तसाच असतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी त्यांच्यापाशी बसले, त्यांचं बोट हातात धरलं आणि घोड्याच्या कानावर ठेवलं. तिथून आयाळीवरून, पाठीवरून, हळूहळू शेपटीपर्यंत नेलं.

"कान जरा मोठं झालं," आबा म्हणाले. "परत ने."

मी त्यांचं बोट पुन्हा कानावर ठेवलं.