छत्तीस वह्या

आमच्या थोरल्या जाऊबाई, मी त्यांना ताई म्हणते, तेहेतीस वर्षं सरकारी अभिलेखागारात नोकरीला होत्या. सरकारचे जुने कागद राखायचे, हे त्यांचं काम. निरनिराळ्या खात्यांतून गठ्ठे यायचे. ते सोडायचे, एकेक पान झटकायचं, कसर लागलेलं वेगळं काढायचं, फाटलेल्याला खळीने पातळ कागद लावायचा, आणि मग कोणता कागद कुठल्या खोलीत, कुठल्या मांडणीवर, कितव्या रुमालात आहे ते सूचीत लिहायचं. रुमाल म्हणजे जाड कापडात बांधलेला गठ्ठा. असे चाळीस हजार रुमाल त्या इमारतीत होते, आणि ताई म्हणायच्या, "सूचीत नाही, ते जगात नाही."

घरीही तोच खाक्या. डाळींच्या डब्यांना क्रमांक. थोरले भाऊजी पाहुण्यांना सांगत, "माझ्याही पाठीवर एक आहे, पण मला तो दिसत नाही." ताई हसत नसत. "क्रमांक नसता तर एव्हाना हरवला असतात," म्हणत.

निवृत्तीला पाच महिने उरले असताना त्यांचा उजवा खांदा आखडला. हात कानापर्यंतसुद्धा जाईना. रजा घ्या म्हटलं तर तयार नाहीत. म्हणून पिशवी उचलायला मी त्यांच्याबरोबर बसने जायला लागले. मी इतिहास घेऊन बी.ए. झालेली आहे, पण ती पदवी इतकी वर्षं भांड्यांच्या कपाटात वरच्या फळीवर होती. ताईंच्या साहेबांनी "बसू द्या त्यांना" म्हटलं, आणि मी वाचनकक्षात बसू लागले, रुमाल सोडताना कापडाचं दुसरं टोक धरू लागले. खोलीत फिनेलचा आणि डांबरगोळ्यांचा वास असे. चार लांब टेबलं, उंच खिडक्या, आणि काम करणाऱ्यांचं खोकणं.

दर शनिवारी तिथे एक चष्मेवाले येत. चष्म्याचं छोटं दुकान होतं त्यांचं, म्हणून ते चष्मेवाले. वय एकसष्ट. शनिवारी दुकान बंद ठेवून, दोन बस बदलून यायचे. आले की रजिस्टरमध्ये सही करायची, पेन खिशाला लावायचं आणि ताईंच्या टेबलापाशी उभं राहायचं.

"काही लागलं का हो, मॅडम?"

"अजून नाही. आरोग्य खात्याचे दोनशे दहा रुमाल झाले. नव्वद राहिलेत."

"असू द्या. सावकाश."

त्यांना एकच गोष्ट हवी होती. ते पाच वर्षांचे असताना त्यांची आई घरातून गेली. तापाने वारली, असं वडिलांनी सांगितलं. पंचावन्न वर्षांनी आत्या अंथरुणाला खिळली आणि तिने तोंड उघडलं: तुझी आई वारली नव्हती रे, तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं. पुढचं आत्यालाही ठाऊक नव्हतं. ते सरकारी इस्पितळ केव्हाच बंद पडलं होतं आणि त्याचे कागद इथे आले होते. तिथे दाखल झालेल्या प्रत्येक माणसाची मोठ्या वहीत एक ओळ असे, आणि पुढचं सगळं, म्हणजे भेटायला कोण आलं, सुटका कधी, मृत्यू कधी, त्याच ओळीत लिहीत.

"मला एवढंच बघायचंय," ते मला एकदा म्हणाले, "मी मोठा झालो तेव्हा ती होती का? मी अकराव्या वर्षी एकटा बसने शाळेत जायचो. ते इस्पितळ त्याच रस्त्यावर होतं."

मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

आठ महिने ताई शोधत होत्या. तीनशेही रुमाल संपले आणि इस्पितळाची एकही दाखलवही निघाली नाही. तेवढ्यात त्यांनी निवृत्तीआधीचं शेवटचं काम काढलं. अख्ख्या सरकारचे कागद लावणाऱ्या त्या कचेरीचे स्वतःचे जुने कागद कुणीच लावले नव्हते. दिव्याखाली अंधार. जिन्याखालच्या कोठडीत पोती भरून पडले होते.

बुधवार होता. मी कापडाचं टोक धरून होते. ताईंनी टाचणी गंजलेला एक जुडगा उचलला, वाचला, आणि खुर्चीत बसल्या. बसल्या म्हणजे अशा, की खुर्ची आहे की नाही हे पाहिलंच नाही.

"काय झालं?"

त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. नष्ट करायच्या कागदांची यादी होती, एकोणतीस वर्षांपूर्वीची. चौदाव्या ओळीत लिहिलं होतं: संकीर्ण नोंदवह्या, रुग्णालय, नग ४०. पैकी ४ नमुन्यादाखल राखून ३६ नष्ट.

खाली सही.

"ही कुणाची?" मी विचारलं. विचारता विचारताच मला कळलं. घरातल्या प्रत्येक डब्यावर तेच अक्षर होतं.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी बसमध्ये, खिडकीकडे तोंड करून, त्यांनी मला सगळं सांगितलं. नोकरीत तेव्हा चारच वर्षं झाली होती. कचेरी नव्या इमारतीत हलायची होती, जागा कमी पडत होती. तेव्हाच्या साहेबांनी हुकूम काढला, महिनाअखेर तीन मांडण्या मोकळ्या करा. इस्पितळाच्या चाळीस वह्या होत्या, आणि अशा कागदांचा नियम ठरलेला होता: सगळ्या ठेवायच्या नाहीत, नमुना म्हणून दर दहावी ठेवायची. पहिली, अकरावी, एकविसावी, एकतिसावी. डोळे मिटून.

"मग?"

"मी डोळे उघडे ठेवले." ताई म्हणाल्या. "पहिली वही उघडली तर अक्षर कोंबडीच्या पायांसारखं. शाई फुटलेली, कडा कुरतडलेल्या. मला वाटलं, ठेवायच्याच आहेत चार तर चांगल्या तरी ठेवू. पुढे कुणी बघेल, त्याला वाचता येईल. मग मी चाळीसच्या चाळीस चाळल्या आणि सुबक अक्षराच्या चार निवडल्या. साहेबांनी पाठ थोपटली. म्हणाले, नजर आहे पोरीला."

त्या चार वह्याही 'संकीर्ण' म्हणून नोंदवलेल्या असल्यामुळे आरोग्य खात्यात सापडल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या काढल्या. मोत्यांसारखं अक्षर, सगळं एकाच कारकुनाचं. लागोपाठची चार वर्षं. चष्मेवाल्यांच्या आईचं वर्ष त्यांत नव्हतं.

"दर दहावी ठेवली असती, तर त्यांचं वर्ष आलं असतं का?" मी विचारलं.

"ते सांगता येत नाही. यादीत मी वर्षं लिहिलीच नाहीत. नुसतं 'संकीर्ण' लिहिलं." मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे आलंही असतं."

साहेबांना त्यांनी त्याच दिवशी यादी दाखवली. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने दार लोटून घेतलं, पण मी बाहेरच्या बाकावर होते आणि दार पूर्ण लागत नसे.

"मॅडम, तुम्ही हा कागद बघितला नाही, मीही बघितला नाही. त्या गृहस्थांना नेहमीचं पत्र द्या. 'सदर अभिलेख आढळून येत नाही.' खोटं थोडंच आहे?"

"नाही. पण पुरतं खरंही नाही."

"नमुना नियमाप्रमाणे निवडला नाही, हे लिहून दिलंत तर चौकशी लागेल. अहो, दहा आठवडे राहिलेत तुमचे! सुखाने घरी जा की."

घरी भाऊजींनीही तेच म्हटलं. इतकी वर्षं मी त्या नवराबायकोचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"वही जळली का गेली, ती परत येणार आहे का? नाही ना? मग सांगून कुणाचं भलं?"

"आढळत नाही म्हटलं की तो शोधत राहणार. आज इथे, उद्या दुसऱ्या कचेरीत. त्याला वाटणार, कुठेतरी आहे."

"वाटू दे ना! वाटण्यात काय वाईट आहे?"

"दोन बस बदलून येतो हो तो," ताई म्हणाल्या. "दर शनिवारी."

"येऊ दे. त्याला तेवढंच बाहेर पडणं."

ताई उठून गेल्या. भाऊजी मला म्हणाले, "तू तरी समजाव तिला." मी मान हलवली, पण समजावलं नाही. मला ताईंचंच पटत होतं. हे मी इथे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं त्यात माझंही मत होतं.

शनिवारी चष्मेवाले आले. सही केली. पेन खिशाला लावलं. ताईंनी त्यांना बसायला सांगितलं, आणि पत्र हातात देण्याआधी तोंडाने सगळं सांगितलं. यादी, सही, चार वह्या. नियम काय होता आणि आपण काय केलं. आवाज एकसारखा होता. कागद वाचून दाखवावा तसा.

ते ऐकत राहिले. मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे आता शोधायचं नाही," ते म्हणाले.

"नाही. शोधण्यासारखं काही राहिलेलं नाही. मी तसं लिहून दिलंय."

"तुम्ही नव्वद राहिलेत म्हणायचात," ते म्हणाले. "मग साठ म्हणालात. मग वीस. मी घरी जाऊन बायकोला सांगायचो, वीस राहिलेत. त्या विसांत ती होती, मॅडम. आता मी तिला कुठे ठेवू?"



मग चष्मेवाल्यांनी विचारलं, "तुम्ही सगळ्या वह्या चाळल्या होत्या ना?"

"हो."

"म्हणजे माझ्या आईच्या नावाचं पान तुमच्या हाताखालून गेलं."

"गेलं असणार."

"काही आठवतं?"

मी ताईंकडे बघत होते. एखादं खोटं तिथे सहज चाललं असतं. हो, आठवतं, असं म्हणून एखादी तारीख सांगितली असती, तर त्या माणसाने ती जन्मभर जपली असती. ताईंचे ओठ हललेही.

"अक्षर वाईट होतं," त्या म्हणाल्या. "तेवढंच आठवतं."

चष्मेवाल्यांनी मान हलवली, जणू एवढी तरी माहिती मिळाली. पत्राची घडी घातली. ताईंनी विचारलं, राखलेल्या चार वह्या बघायच्या आहेत का. "दुसऱ्यांच्या आया बघून मी काय करू?" म्हणाले आणि निघाले. जाताना रजिस्टरमध्ये बाहेर पडल्याची वेळ लिहायला विसरले. ती ताईंनी लिहिली.

चौकशी लागली. साहेबांनी सांगितलं होतं तशीच, रीतसर. निरोपाचा चहा रद्द झाला. तेहेतीस वर्षांच्या नोकरीचा शेवट एका पाकिटाने झाला, त्यात खुलासा मागवला होता. शेजारच्या टेबलावरची बाई, जिच्या मुलीच्या बारशाला ताई नटूनथटून गेल्या होत्या, ती म्हणाली, "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला कुणी सांगितलं होतं?" आणि डबा घेऊन दुसऱ्या खोलीत जेवायला गेली.

उरलेल्या आठवड्यांत ताईंनी सूचीत छत्तीस नवे क्रमांक घातले. प्रत्येकासमोर तेच लिहिलं: दाखलवही, मनोरुग्णालय, वर्ष माहीत नाही, नष्ट. त्यापुढे तारीख आणि स्वतःचं नाव. खांदा वर होत नव्हता म्हणून वही मांडीवर घेऊन लिहीत. साहेब म्हणाले, "नसलेल्या वह्यांची सूची? मॅडम, असं कुठे असतं का?" ताईंनी लिहिणं थांबवलं नाही. शेवटच्या दिवशी मी पिशवी उचलली आणि आम्ही नेहमीच्या बसने घरी आलो.

पुढच्या महिन्यात एकदा मी ताईंना विचारलं, "सांगितलंत ते बरं केलंत ना?"

"मला काय विचारतेस," त्या म्हणाल्या. "त्याला विचार."

म्हणून मी गेले. माझा चष्मा बदलायचाच होता, हे निमित्त घरी सांगितलं. शनिवारच होता, आणि दुकान उघडं असेल की नाही याचीही मला खात्री नव्हती. उघडं होतं. चष्मेवाल्यांनी मला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. उंच खुर्चीवर बसवलं, नाकावर जड लोखंडी चौकट ठेवली, एकेक काच घालत विचारत गेले, "आता? आणि आता? आधीचं बरं की हे?"

"हे बरं."

कागदावर आकडे लिहिताना, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "त्यांचं नीट आहे ना?"

"चौकशी चालू आहे."

"मी तक्रार केली नाही."

"ठाऊक आहे त्यांना."

"त्यांना सांगा..." ते म्हणाले. त्यांनी काचा एकेक करून पेटीत ठेवल्या, प्रत्येक आपल्या खाचेत, आणि पेटीचं झाकण लावलं.

"काही नाही," ते म्हणाले. "चष्मा गुरुवारी मिळेल. शनिवारी आलात तरी चालेल. हल्ली शनिवारीही मी इथेच असतो."