बाप्पाच्या मखराला बुरशी

आमच्या घरात बुरशीचं नशीब ठरलेलं होतं. पावाला आली की पाव कचऱ्यात. चपलांना आली की चपला गच्चीत आणि कामोठ्याच्या बिल्डरचा उद्धार. लोणच्याला आली तर आईचा चेहरा घरात कुणी गेल्यासारखा. अशा घरात मी, रीतसर शिकलेली डिझायनर मुलगी, एक दिवस पिशवीभर बुरशी विकत घेऊन आले.

"हे मायसेलियम आहे," मी आईला सांगितलं. "अळंबीची मुळं समज. पेंढ्यात वाढवली की ती पेंढा घट्ट बांधून टाकतात. साच्यात भरलं की ठोकळा तयार. थर्माकोलसारखा हलका, आणि नंतर मातीत मिसळून जातो."

"म्हणजे बुरशीच ना?"

"हो, पण..."

"मग तसं सांग की. माय कसली!"

ऑफिसात मी या उद्योगाचं कारण 'पर्यावरण' असं सांगत असे. तिथे ते खपतं. खरं कारण हॉलमधल्या सोफ्यावर रिमोट घेऊन बसलेलं असायचं. ते म्हणजे आमचे बाबा.

बाबा थर्माकोलची मखरं करायचे. कंपनीतून आले की बनियनवर खाली बसायचे आणि मोर, कमानी, जाळ्या कोरायचे. गणपतीच्या आधी महिनाभर आमच्या आमटीतसुद्धा पांढरा चुरा असायचा. मग गणपतीत अख्खी सोसायटी यायची आणि म्हणायची, "हाताला काय कला आहे हो तुमच्या!" हे वाक्य बाबांना वर्षभर पुरायचं. पुढे थर्माकोलवर बंदी आली. ती योग्यच होती, मी तर टाळ्या वाजवल्या होत्या. बाबांनी कटर वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकला आणि बाजारातून घडीचं कापडी मखर आणलं. पाठोपाठ ते रिटायर झाले. तेव्हापासून गणपतीत त्यांच्याकडे पाहुण्यांना पाणी देण्याचं खातं आलं. हातात ट्रे घेऊन दारात उभे राहिलेले बाबा मला बघवायचे नाहीत. त्यांच्या हातात पुन्हा कटर यायला हवा होता, बस. त्यात पृथ्वी वाचली तर वाचली.

करंजाड्याच्या पलीकडच्या एका तबेल्यातून पेंढा आणला. आईच्या पुरणाच्या पातेल्यात तो उकळला, त्यावरून जे ऐकून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. गार करून त्यात विकत आणलेल्या बुरशीचं बियाणं कालवलं आणि पिशव्या पलंगाखाली सरकवल्या. पहिला लॉट हिरवागार पडला. म्हणजे माझ्या बुरशीला बुरशी लागली! हे कळल्यावर आईला जो आनंद झाला, तो मला डिग्री मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

दुसरा लॉट मात्र पांढराशुभ्र आला. बाबा म्हणाले, "गोठ्याचा वास येतोय." पण तेवढ्यासाठी सोफ्यावरून उठून आले, ठोकळा अंगठ्याने दाबून बघितला. "कापला जातो का हा?"

"बघा ना तुम्हीच."

बाबा स्टूल घेऊन माळ्यावर चढले. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच डबे पुसत बसले, कारण मला भरून आलं होतं आणि आमच्या घरात ते दाखवायची पद्धत नाही. पुढचे कित्येक दिवस बाबा टीव्ही विसरले. ठोकळ्याला, पेंढ्याला आणि मला शिव्या देत त्यांनी एक कमान आणि दोन मोर कोरले.

आता शेवटचं काम उरलं. ठोकळ्यातली बुरशी जिवंत असते. ती ओव्हनमध्ये भाजून मारावी लागते.

"कुठल्या ओव्हनमध्ये?" आईने विचारलं.

"आपल्याच."

"तू तंदुरी करतेस त्यात? बाप्पाचं मखर? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"अगं, घासून घेऊ. केकही होतात की त्यात."

"केक मी बाप्पासमोर ठेवत नाही."

मी आशेने बाबांकडे पाहिलं. तंदुरीचे सगळ्यात जास्त पीस खाणारा हा माणूस गंभीरपणे म्हणाला, "तिचं बरोबर आहे." झालं! ऐन श्रावणात, जिथे साधा टॉवेल वाळत नाही तिथे, मोर फॅनखाली वाळत ठेवले. वरून खडखडीत लागले. आणि मी, एक्स्पर्ट, म्हणाले, "चालतंय."

पहिल्या दिवशी कौतुकाचा पूर आला. "हाताला काय कला आहे हो!" बाबा लाजले चक्क. पण मखरावर ओले हार, ओल्या दूर्वा, शेजारी उकडीच्या मोदकांची वाफ. बुरशीची याहून चांगली सरबराई मलाही जमली नसती. तिसऱ्या दिवशी सकाळच्या आरतीला मोराच्या मानेवर बारीक गाठी दिसल्या. चौथ्या दिवशी त्या गाठींच्या पंख्यासारख्या पसरट अळंब्या झाल्या आणि मोराची चोच आत गडप.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हात जोडले. "देव जागा हाय गो तुमचा!" संध्याकाळपर्यंत अख्खी विंग मोबाईल घेऊन हजर. चमत्कार, चमत्कार! मी शास्त्रीय कारण सांगायला गेले, तर "शिकलेल्या मुलींचं हे असंच" असं म्हणून मला बाजूला केलं. मोरांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. काढणार कसा, मोर दिसतच नव्हते. बाबा पुन्हा ट्रे घेऊन दारात उभे होते. मला स्वतःचा इतका राग आला की मी अळंब्या उपटायलाच निघाले. आईने हात धरला. "विसर्जनाआधी हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे पांगले, आई आडवी झाली. मी हॉलमध्ये आले तर बाबा मखरासमोर मांडी घालून बसलेले, हातात कटर. अळंब्यांना धक्का न लावता त्यांच्या कडेकडेने ते नव्याने पिसं कोरत होते.

"सॉरी बाबा. वाट लावली मी तुमच्या मोराची."

"थर्माकोलने मला इतक्या वर्षांत कधी उलट उत्तर दिलं नाही," बाबा म्हणाले. हसत होते. "हे देतं."

"विसर्जन झालं की ओव्हनमध्ये टाकते. मग नाही उगवणार."

त्यांचा हात थांबला. "मारलंच पाहिजे का?"

"मारल्याशिवाय ते मटेरियल होत नाही, बाबा. कामाचं राहत नाही."

बाबांनी मोराच्या मानेवरचा चुरा फुंकून टाकला. "मग नसू दे कामाचं," ते म्हणाले आणि पुढचं पीस कोरायला घेतलं.