इंजिनाला दिलेलं आवतन

इथले भुताखेतांचे किस्से मी आजवर निव्वळ टिंगल करायला वाचत आलो. वाशिमला मोटार मेकॅनिकचे वर्ग घेतो. गाडी आपोआप चालू झाली म्हणणाऱ्याला मी आधी वायरिंग दाखव म्हणतो. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटतेय... पण लिहितो.

आमचं घर मेडशीला, गावाबाहेर रस्त्याला लागून. काकांकडे एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार आहे – दोन सीटची, लाल, टप उघडणारी. तरुणपणी अकोल्याच्या एका डॉक्टरकडून घेतली आणि "माझ्यापेक्षा गाडीलाच जास्त जपलं," असं काकू हयात असताना म्हणायची. इंजिन जाम होऊन बरीच वर्षं झाली, पार्ट मिळत नाहीत. त्यात काकांची नजर चालली होती. दिसतंय तोवर ती गाडी एकदा चालवायची, हे त्यांचं मागणं होतं.

म्हणून भंगारवाल्याकडून एका नव्या कारचं इंजिन आणलं. ॲक्सिडेंटची गाडी होती. चालवणारा जागीच गेला, इंजिनाला मात्र ओरखडा नाही – विकणाऱ्याने हे कौतुकानेच सांगितलं. शेडमध्ये जुनं इंजिन काढलं आणि मापाला बसतं का पाहायला हे साखळीने उचलून गाडीत उतरवलं. नाही बसलं. बसवायचं तर चेसिसची आडवी पट्टी कापावी लागणार, आणि ती कापली की जुनं इंजिन परत कधीच बसणार नाही. कापू की नको? ग्राइंडर हातात घ्यायचो आणि परत खाली ठेवायचो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी काका शेडमध्ये आले. हातात गरम तूप-हळदीची वाटी आणि पळसाचं पान. आमच्याकडे त्या दिवशी बैलांचे खांदे असे शेकतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशी जेवायला यायचं आवतन देतात. बैल विकल्यापासून काका हे सगळं गाडीचं करतात.

"काका, हे इंजिन ठेवाचं का नाही, अजून ठरलं नाही ना," मी म्हणालो.

"दारात आणलं ना? मंग त्याले उपाशी ठेवतं काय?" चाचपत चाचपत त्यांनी इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हळद-तूप चोळलं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी हसलो. खरंच हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरणपोळीची ताटं वाढली आणि फाटक वाजलं. पांढऱ्या शर्टातला एक तरणा माणूस उभा होता, ओळखीचा नाही. पोळ्याला दारी आलेल्याची आम्ही चौकशी करत बसत नाही. माझ्या बायकोने, संगीताने, पाट मांडला. तो जेवायला लागला. वाढता वाढता संगीताने मला डोळ्याने खुणावलं. त्याच्या शर्टावर, दोन्ही खांद्यांवर, हळदीचे तेलकट डाग होते. बैल सजवून आला असेल, मी मनाशी म्हटलं.

"कोन्या गावचा होय बाबू?" काकांनी विचारलं.

"मले कालच आवतन देल्लं ना तुमी."

काकांचा घास हातातच राहिला. तो माणूस ताट साफ करून उठला, शेडकडे बघत म्हणाला, "पोट भरलं. आता उद्यापासून जुपा मले."

एवढं बोलून फाटकाबाहेर गेला. मी मागोमाग धावलो. रस्ता दोन्हीकडे सरळ, बाजूला गुडघाभर सोयाबीन... कुणीच नाही. मी घाबरलो, सरळ सांगतो. शेडमध्ये गेलो तर इंजिन कोरडं ठणठणीत. हळदीचा मागमूस नव्हता.

त्याच दिवशी मी ते इंजिन बाहेर काढायला घेतलं. काका दारात येऊन उभे राहिले.

"जेवू घातलं ना त्याले? मंग कामाले न लावता काहून हाकलतं?"

"त्याच्या भरवशावर मी तुमाले गाडीत नाही बसवत, काका."

"मंग तो जाईन कुठी?"

मी साखळी ओढायला लागलो. इंजिन भंगारवाल्याला परत दिलं, जुनं जाम इंजिन जागेवर ठेवलं. पट्टी कापली नाही. काकांना आता काहीच दिसत नाही. गाडी चालवायची राहिली ती राहिलीच, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

आमच्या फाटकाच्या लोखंडी खांबावर खांद्याच्या उंचीला एक पिवळा डाग पडलाय, कुणी रोज तिथे टेकून उभं राहावं तसा. गंज म्हणून घासला, वरून रंग मारला, तरी वर येतो. गंज बोटाला असा तुपकट लागत नाही, एवढं मला कळतं. बाकी काही कळत नाही. कुणाला कळत असेल तर सांगा.

काल काका काठी टेकत फाटकापर्यंत गेले. खांबावरून हात फिरवला, बोटं हुंगली, आणि आत येऊन संगीताला म्हणाले, "एक ताट जास्तीचं वाढजो पोरी. अजून उभाच आहे तो."