आधी अंगात घालून या

माझ्या नणंदबाई माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी बटणं बघतात. चर्चच्या दारात कुणी भेटलं, की 'कसे आहात' म्हणायच्या आत त्यांचा हात समोरच्याच्या कॉलरपाशी पोचलेला असतो. म्हणून आमच्या मंडळीत लहानथोर सगळे त्यांना बटणआत्या म्हणतात. मी वन्संच म्हणते. इतकी वर्षं एका छपराखाली भांडलो, आता नाव बदलून काय करू.

पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं शिलाई मशीन आहे. शाळेचे गणवेश, चर्चमध्ये गाणाऱ्यांचे झगे, कुणाची बाही आखूड कर, कुणाची कंबर सैल कर, अशी कामं चालू असतात. शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात बटणं. माझी नातवंडं आशेने तो डबा उघडतात आणि अजूनही फसतात. वन्संचे यजमान भले होते, लवकर गेले. 'दादावर ओझं नको व्हायला' असं म्हणत त्या आमच्याकडे राहायला आल्या, आणि वर्षभरात आम्हीच त्यांच्यावर ओझं होऊन बसलो.

मागच्या थंडीच्या तोंडावर नदी खालच्या गावांत शिरली. माणसं वाचली, घरं गेली. लोक शाळांच्या वर्गांत राहत होते. आमच्या पाळकसाहेबांनी उपासनेत गरम कपड्यांसाठी आवाहन केलं, अगदी पोटतिडकीने केलं. मंडळीनेही ऐकलं. बघता बघता हॉल गाठोड्यांनी भरला. आमच्यातल्या भाजीवाल्याने सोमवारी सकाळी आपला ट्रक द्यायचं कबूल केलं.

गाठोडी सोडायला वन्सं आणि मी बसलो. पहिल्यात चेन तुटलेलं जाकीट. दुसऱ्यात कोपरं गेलेला स्वेटर. मग एक झगमगता, बिनबाह्यांचा झगा. मग एका पायाचा बूट.

"एकच बूट कोण देतं हो?" मी म्हटलं.

"ज्याचा दुसरा हरवला तो," वन्सं म्हणाल्या.

त्या एकेक कपडा उलटा करून शिवण बघत होत्या. अर्धे कपडे त्यांच्याच हाताखालून गेलेले. "हा औषधवाल्याचा कोट, ही टीप माझी. हा गाण्याच्या बाईंचा स्वेटर. आणि वहिनी, हा आमच्या दादाचा लग्नातला कोट."

आमच्या ह्यांनी तो कोट द्यायला काढला हे मला ठाऊकच नव्हतं. त्याला एकही बटण नव्हतं. असतं तरी त्यांच्या पोटाने लागू दिलं नसतं.

संध्याकाळी पाळकसाहेब आले तर वन्संनी गाठोडी पुन्हा बांधलेली. "साहेब, हे जाणार नाही. मी ज्याचं त्याला परत देऊन येते."

"आत्या, लोकांनी प्रेमाने दिलंय. त्यांचं मन बघा."

"मन बघितलं. पण थंडी अंगाला वाजते."

"काहीच नसण्यापेक्षा बरं ना?"

तेव्हा वन्सं एवढंच म्हणाल्या, "मी लहान असताना आमचंही घर पुरात गेलं. मला कोट मिळाला, बिनबटणांचा. एका हाताने तो मिटून धरायचा. दुसऱ्या हातात ताट. रांगेत उभी राहून मी विचार करायचे, आता खायचं कशाने?"

पाळकसाहेबांनी एका गाठोड्याची गाठ चाचपली. मग म्हणाले, "लोक रागावले आणि काहीच दिलं नाही तर? ट्रक रिकामा जाईल, आत्या. तिकडे थंडी वाढतेय."

"तर माझ्या माथ्यावर," वन्सं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दारोदार फिरलो. ज्याच्या त्याच्या कपड्यांची पिशवी हातात द्यायची आणि वन्संनी म्हणायचं, "रविवारी हे घालून उपासनेला या. ऊब वाटली तर तिथेच काढून द्या, मी घेते." औषधवाला हसला. गाण्याच्या बाई हसल्या नाहीत. "परत आणून देतात का कुणी दान?" म्हणाल्या आणि दार लावलं. एका घरी तर पिशवी घ्यायलाही कुणी बाहेर येईना. शेवटी पाळकसाहेबांच्या घरी गेलो. त्यांच्या गाठोड्यातला जुना कोटही वन्संनी त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो घडी करून काखेत घेतला.

घरी येऊन वन्सं मशीनवर बसल्या. पायाखाली मशीनचं पायडल हलत होतं, सुईखाली कापडच नव्हतं.

"वन्सं, हवा शिवताय का?"

"वहिनी, मी फार केलं का हो?"

त्यांनी मला कधी काही विचारलेलं नव्हतं. मी चहा टाकला.

रविवारी घंटा झाली तरी निम्मे बाक रिकामे. बाहेर झोंबरं वारं. वन्सं दारातच उभ्या, आणि आज कुणाच्या कॉलरकडे हात जात नव्हता. तेवढ्यात औषधवाला आला, कोट दोन्ही बाजूंनी ओढत. मागून आमचे हे, लग्नातल्या कोटात. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर.

"नवरदेव आले," मी म्हटलं.

"नवरी जरा जुनी झालीय," हे म्हणाले.

लोक हसायला लागले. मग आणखी आले. कुणाचं खांद्यावरून उसवलेलं, कुणाचं काखेत. गाण्याच्या बाई सर्वांत शेवटी आल्या, तोच स्वेटर घालून, कोपरं अंगाशी घट्ट आवळून. वन्संकडे न बघता आत जाऊन बसल्या. मला तेव्हा जरा वाईट वाटलं. हसण्यासारखं होतं ते, पण गंमत नव्हती.

पाळकसाहेब वाचायला उभे राहिले. अंगात तोच जुना कोट. एका हाताने कोट मिटून धरलेला, दुसऱ्या हातात पुस्तक. पान संपलं. आता ते उलटायचं कशाने? त्यांनी कोटाकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, मग पार मागच्या बाकावर बसलेल्या वन्संकडे पाहिलं.

पुस्तक मिटून ते म्हणाले, "आजचं वाचन इथेच थांबतं. घरी जा. आज जे घालून यायला तुम्हाला लाज वाटली नसती, ते घेऊन या."

दुपारी वन्संचं मशीन हॉलमध्ये आणलं. औषधवाल्याने आपला नेहमीचा कोट आणून दिला, खिशात अजून त्याची गोळ्यांची पुडी होती. आमच्या ह्यांनी त्यांचा एकमेव जाड कोट दिला आणि मला म्हणाले, "मी तुझी शाल घेईन." म्हणजे माझी शाल गेली. जे दुरुस्त होण्यासारखं होतं ते लोक स्वतः बसून शिवत होते. गाण्याच्या बाई नवा स्वेटर घेऊन आल्या. तो ठेवून वन्संच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "सुई द्या. आणि मी रागावलेली आहे हे लक्षात असू द्या."

"असू दे. दोरा दुहेरी घ्या," वन्सं म्हणाल्या.

बटणांचा डबा रिकामा झाला.

ट्रक भरला नाही, हे खरं ते सांगते. आधीच्या गाठोड्यांच्या निम्माही नव्हता. पण त्यातला एकही कपडा असा नव्हता, की जो घालून आमच्यातलं कुणी उपासनेला आलं नसतं. आता आमच्या मंडळीत तीच रीत आहे. कुठे काही संकट आलं आणि आवाहन झालं, की लोक आधी आरशासमोर उभे राहतात. तुमच्या चर्चमध्येही करून बघा. थोडं लाजल्यासारखं होतं, पण मरत नाही कुणी त्याने.

भाजीवाला परत आला तेव्हा वन्सं मशीनवर होत्या. "पोचलं सगळं, आत्या. वाटूनही झालं," तो म्हणाला.

"काय करत होते लोक?"

"काय करणार? जेवायची वेळ होती. कोट घातले, उभ्या उभ्याच जेवत होते."

"ताट हातात?"

"एका हातात ताट."

"आणि दुसरा हात?"

भाजीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, म्हातारीला झालंय काय असं. "दुसऱ्या हाताने जेवत होते की, आत्या. आणखी कशाने जेवणार?"

वन्संनी मान खाली घातली, दाताने दोरा तोडला, आणि म्हणाल्या, "वहिनी, ह्याला चहा द्या. आणि ए, तुझं वरचं बटण सैल झालंय. इकडे ये."