कोरड्या फडक्याने पुसलेलं भांडं

मुलगी पहिलीत होती तेव्हाची, म्हणजे २००३ सालची गोष्ट. आम्ही अमेरिकेत, कॅरीला राहत होतो. माझ्या व्हिसावर नोकरी करायला मनाई होती, त्यामुळे माझी होती नव्हती ती सगळी अक्कल घरात आणि मुलीवर खर्च व्हायची. नवरा म्हणायचा, "अगं, जरा श्वास घेऊ दे तिला." त्याचं काय जातंय बोलायला! मुलगी शाळेत तोंड उघडत नव्हती. तिला जिवाभावाची एकच मैत्रीण होती, शेजारच्या घरातली तिच्याच वर्गातली मुलगी. ती असली की आमचं मौनीबाबा चुरूचुरू बोलायचं. ती मैत्री टिकावी म्हणून मी काय वाटेल ते केलं असतं.

हॅलोवीनच्या आधी शाळेतून सूचनांचा कागद आला. ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी मुलं सोंगं घेऊन दारोदार कँडी मागत फिरतात, त्यासाठी. कपड्यांवर चमकणारी पट्टी लावा, मुखवटा नको, रस्ता कोपऱ्यावरच ओलांडा, घरी येऊन तपासल्याशिवाय काही खाऊ देऊ नका. मी तो कागद पाठ केला. पट्टी तर दोघी मुलींच्या कपड्यांना मीच शिवली.

शेजारच्या मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती. साधी नव्हे, घसा सुजून श्वास बंद होईल अशी. तिची आई तिला कधी कुणाबरोबर पाठवत नसे. त्या वर्षी मात्र तिचं तान्हं बाळ तापाने फणफणलं होतं. ती दारात येऊन म्हणाली, "तू नेशील का? तू सगळं नीट करतेस." मला मूठभर मांस चढलं.

दिवाळी नुकतीच झाली होती. चिवड्यात दाणे, म्हणून तो डबा मी वरच्या कपाटात बंद करून टाकला होता. आणि त्या मुलीला आमचं काहीतरी खाता यावं म्हणून मुद्दाम बेसनाचे लाडू वेगळे केले होते. काजू नाही, बेदाणा नाही, काही नाही. बेसन, तूप, साखर, वेलची. इथल्या तयार पिठीसाखरेत मक्याचं पीठ असतं, म्हणून साखरही घरीच दळली. एवढा माझा शहाणपणा.

संध्याकाळी दोघी नटून माझ्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. लेकरांना उपाशी बाहेर कसं सोडायचं? हातावर काहीतरी गोड ठेवायचंच, ही आमच्या घरची रीत. शाळेचा कागद बाहेरच्यांच्या खाऊबद्दल होता, माझ्याबद्दल थोडाच होता. अर्धा अर्धा लाडू दोघींना दिला. शेजारच्या मुलीने विचारलं, "नट्स?" मी म्हटलं, "नो नट्स, बेटा. आय मेड इट." तिने खाल्ला.

तिसऱ्या घरापाशी ती मान खाजवू लागली. मी ओरडले, पट्टी टोचत असेल, नखं लावू नकोस. मग ती खोकली. दिव्याखाली पाहिलं तर ओठ सुजलेले. तिला उचललं आणि धावले. माझी मुलगी मागे रडत. अशा वेळी टोचायचं तिचं इंजेक्शन त्यांच्या घरी होतं, कारण ते मागून घ्यावं हे मला सुचलंच नव्हतं. तिच्या आईने ते मांडीत टोचलं आणि अँब्युलन्स बोलावली. त्या माणसांनी मला तीनदा विचारलं, काय खाल्लं? मी तीनदा छातीठोक सांगितलं, त्यात दाणे नव्हते. देवाशप्पथ म्हणायचीच बाकी होती.

शेजारची मुलगी वाचली. हॉस्पिटलमधून तसा फोन आला तेव्हा मी ओट्याशी उभी होते. समोर मिक्सरचं छोटं भांडं उपडं ठेवलेलं. त्याच भांड्यात मी दर आठवड्याला दाण्याचं कूट करत असे. आईकडे पाहिलं तसंच मीही करायचे: कोरड्या वस्तूचं भांडं धुवायचं नाही, पाणी राहिलं तर पुढचं दळण बिघडतं. कोरड्या फडक्याने पुसायचं, झालं. साखर दळताना मी नेहमीसारखं पुसलंच होतं. पात्याखाली बोट फिरवलं, बोटाला कूट लागलं.

नवरा म्हणाला, "सांगू नकोस. वाचली ना ती, मग कशाला हात दाखवून अवलक्षण?" मला रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी जाऊन सांगितलं. शेजारणीने सगळं ऐकून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "थँक यू फॉर टेलिंग मी," आणि दार लावलं. जोराने नाही, हळूच. मला अजून त्या बाईचा राग येत नाही, आणि त्याचाच त्रास होतो.

त्यानंतर त्यांची मुलगी आमच्याकडे आली नाही. वर्गात बाईंनी तिची जागा बदलली. वाढदिवसाला आम्ही आठ मुलांना बोलावलं, एक आलं, तेही केक न खाता गेलं. आयांचं काय चुकलं? त्यांच्या जागी मी असते तर मीही पाठवलं नसतं. माझी मुलगी परत गप्प झाली. तिने मला एकदाही विचारलं नाही की असं का केलंस. मी रोज वाट पाहिली, विचारेल म्हणून.

पुढच्या हॅलोवीनला आम्ही दोघीच निघालो. ओळखीची घरं तिने स्वतःहून सोडली. लांबच्या एका दारात एक गोऱ्या आजी होत्या. त्यांनी कौतुकाने विचारलं, "अँड व्हिच हाउस इज युअर्स?" मुलीने क्षणभरही विचार केला नाही. आमच्या घराच्या बरोबर उलट दिशेला बोट दाखवलं आणि म्हणाली, "दॅट वे."

आजी दारात उभ्या राहून हात हलवत होत्या. म्हणून आम्ही दोघी त्याच दिशेला चालत राहिलो.